संधिवात किंवा ल्युपस असेल तर व्हिटॅमिन डी कसं घ्यायचं, किती घ्यायचं आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची

मला संधिवात, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो, होऊन ११ वर्षं झाली आणि माझ्या नणंदेला ल्युपस (तोही असाच, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आहे, त्यामुळे आमच्या घरात व्हिटॅमिन डी हा विषय मीठ-मिरचीइतका रोजचा झालाय. नात्यातल्या बायका, शेजारी, ओपीडीत नंबरची वाट बघत बसलेल्या ताया, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, अगं माझं डी ११ आलंय, ते भरून काढलं की सांधे बरे होतील ना? म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, डोस तुमचा डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं हे मला चांगलं कळलंय आता.

आधी माझंच सांगते कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. मला बोटांची मधली पेरं सुजायला लागली, सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, लाटणं धरवायचं नाही, दहा-साडेदहा वाजेपर्यंत हात मोकळेच व्हायचे नाहीत. रक्त तपासलं तर डी ९ आलं. झालं, सगळ्यांना उत्तर सापडलं, डी कमी आहे म्हणून दुखतंय. पुढचे सात महिने मी फक्त डीच्या पुड्या घेत राहिले. डी ९ वरून ३४ वर गेलं, रिपोर्ट बघून घरचे खूश, आणि बोटं मात्र तशीच, उलट मनगटंही धरली. शेवटी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, गेले तेव्हा अँटी-सीसीपी ही संधिवात ओळखायची रक्ततपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि एक्सरेत दोन सांध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ते जे झिजलं ते परत भरून येत नाही. म्हणून कळकळीने सांगते, डी कमी आलं म्हणून बाकीचा तपास थांबवू नका.

दुखणं डीचं की संधिवाताचं, हे ओळखायचं कसं

डी खूप कमी झालं की हाडं मऊ पडतात आणि स्नायू दुबळे होतात. ते दुखणं मांड्या, कंबर, बरगड्या, नडग्या असं खोल आणि पसरलेलं असतं, मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना पाय भरून येतात, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबलं तरी कळ येते. पण सांधे सुजत नाहीत. सांध्यावर सूज आहे, हात लावला तर गरम लागतंय, सकाळचं आखडणं अर्धा-पाऊण तासाच्या वर टिकतंय, दोन्ही हातांना सारखंच आहे, तर ते नुसतं डीचं काम नाही, तिथे ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (संधिवाताच्या) या सगळ्या रक्ततपासण्या बघायला हव्यात. आणि दोन्ही एकत्र असू शकतं, माझं तसंच होतं. चेहऱ्यावर गालांवर पुरळ, उन्हात गेलं की ताप, तोंडात न दुखणारे फोड, केस गळणं असं काही असेल तर ल्युपससाठीची एएनए तपासणी पण.

आता डी शरीरात करतं काय ते थोडक्यात. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कातडीत ते तयार होतं, लिव्हरमध्ये त्याचं एक रूप होतं (तेच आपण रक्तात मोजतो, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी) आणि किडनीत त्याचं शेवटचं काम करणारं रूप बनतं. कॅल्शियम आतड्यातून ओढून घेणं हे त्याचं मुख्य काम. पण गंमत अशी की आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, सगळ्यांत डीसाठी रिसेप्टर (डी चिकटायच्या जागा) आहेत, आणि लॅबमध्ये बघितलं तर डी त्या पेशींना जरा शांत करतं, सूज वाढवणाऱ्या पेशी कमी आणि आवर घालणाऱ्या पेशी जास्त असं काहीतरी. आपल्या आजारात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेलं असतं, म्हणून सगळ्यांच्या आशा तिथे जाग्या होतात, माझ्याही झाल्या होत्या.

खरी माणसं घेऊन केलेल्या अभ्यासात काय निघालं ते बघा. अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी चाचणी झाली, २५,८७१ माणसं, पुरुष पन्नाशीच्या आणि बायका पंचावन्नच्या पुढच्या, अर्ध्यांना रोज २००० युनिट डी आणि अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, साधारण पाच वर्षं. २०२२ मध्ये निकाल आला की डीवाल्या गटात ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचे, आजार नव्याने झालेले १२३ आणि दुसऱ्या गटात १५५, म्हणजे साधारण २२ टक्के कमी. पण चाचणी संपून गोळ्या बंद झाल्यावर आणखी दोन वर्षं त्याच लोकांवर लक्ष ठेवलं तर डीचा तो फायदा टिकलेला दिसला नाही. आणि मुख्य म्हणजे हा आकडा आजार नसलेल्या माणसांना आजार होतो का याचा आहे. ज्यांना आधीच झालाय, म्हणजे तुम्ही-मी, त्यांच्यात डी दिल्याने सांध्यांची सूज कमी होते का यावरच्या चाचण्या बहुतेक लहान आणि निकाल उलटसुलट, कुठे थोडा फरक, कुठे काहीच नाही. आणखी एक, संधिवात-ल्युपसवाल्यांचं डी कमी असतं हे खरं, पण आजारपणात माणूस घरातच बसतो, ऊन टाळतो, आणि शरीरात सूज असली की रक्तातला आकडाही खाली येतो, त्यामुळे कमी डीमुळे आजार की आजारामुळे कमी डी हे रिपोर्टवरून कळत नाही.

मग घ्यायचं कशाला? हाडांसाठी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, तो भाग सोडू नका.

टेस्ट

टेस्टचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५ नावाची दुसरी एक टेस्ट असते, महाग असते आणि साठा किती आहे ते सांगत नाही, ती चुकून करून येऊ नका, चिठ्ठीवर नीट वाचा. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा २० च्या खाली असेल तर कमी, २० ते ३० मधला थोडा कमी, ३० च्या वर ठीक, असं बहुतेक लॅब छापतात, पण बऱ्याच तज्ज्ञांच्या मते हाडांसाठी बहुतेकांना २० पुरतं, तेव्हा २७ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. आपल्याकडे एकक एनजी/एमएल असतं, इंग्लंडसारख्या काही देशांत एनमोल/लिटर, तिथला ५० म्हणजे आपला २०, अडीचने भागायचं, तेव्हा परदेशातल्या रिपोर्टवर आधी एकक बघा.

आणि हे फार कोणी सांगत नाही, मेथोट्रेक्सेटने (संधिवाताचं आपलं नेहमीचं औषध) केस गळतात म्हणून आपल्यातल्या किती जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात! काही मशीनवर बायोटिनमुळे डीचा आकडा खोटाच जास्त दाखवला जातो, थायरॉइडच्या टेस्टमध्येही गोंधळ होतो. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायचं का हे लॅबला विचारा. डीबरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या, कारण किडनीवर ल्युपसचा परिणाम असेल किंवा कॅल्शियम आधीच जास्त असेल तर सगळं गणित बदलतं. मुतखडा होऊन गेला असेल, सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) असेल, बीपीची लघवी होणारी थायझाइड गोळी चालू असेल, तर तेही आधी सांगायचं. सार्कॉइडोसिसमध्ये तर शरीर स्वतःच डीचं शेवटचं रूप जास्त बनवतं, तिथे पुडी घेणं धोक्याचं होऊ शकतं.

पुडी, गोळी आणि कालनिर्णय

आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहून देतात ती ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल, आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, आणि मग महिन्याला एक किंवा रोज १०००-२००० युनिटची छोटी गोळी. धडधाकट माणसाला रोजची गरज ६०० युनिट आणि साठीनंतर ८०० असं आपल्या आयसीएमआरने २०२० मध्ये ठरवलंय, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जायचं नाही. कॅल्सिट्रिऑल नावाची ०.२५ मायक्रोग्रॅमची गोळी हे वेगळंच औषध आहे, ते डीचं तयार शेवटचं रूप, मुख्यतः किडनीवाल्यांसाठी, मेडिकलवाल्याने पुडी नाहीये हे घ्या म्हणून दिलं तर घेऊ नका.

डी तुपा-तेलात विरघळतं, म्हणून सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर नको, दुपारच्या जेवणानंतर घ्या, जेवणात चमचाभर तूप, शेंगदाण्याची चटणी असं काही असलं की चांगलं लागू पडतं. मी पुडी अर्धा कप कोमट दुधात टाकते, ढवळली तरी बारीक दाणे कपाच्या तळाला बसतातच, म्हणून पिऊन झाल्यावर त्याच कपात दोन घोट दूध परत घालून हलवून ते पण पिते, नाहीतर निम्मा डोस बेसिनमध्ये जातो. उकळत्या चहात टाकू नका.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांना मेथोट्रेक्सेट असतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पुडीही आठवड्यातून एकदा. फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवशी. त्यात कॅल्शियम रोज. डोकं भंजाळून जातं, आणि मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, माणसं दगावलेली आहेत त्याने. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे, दोन्ही कधीच एका दिवशी नाही. रविवार मेथोट्रेक्सेट, गुरुवार पुडी. फडताळाच्या दारावर कालनिर्णय लटकवलंय, त्यावर रविवारच्या चौकटीत लाल पेनाने एम आणि गुरुवारच्या चौकटीत निळ्याने डी असं महिन्याच्या एक तारखेलाच लिहून ठेवते, आणि घेतलं की त्यावर काट मारते. काट नसेल तरच डबा उघडायचा. घरात म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या तुम्ही भरत असाल तर मेथोट्रेक्सेटचं पाकीट त्यांच्या हाताशी ठेवूच नका, त्या दिवशीच्या गोळ्या काढून द्या.

तीन महिन्यांनी परत टेस्ट. त्याच्या आधी करून उपयोग नाही, आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. तीन महिने नीट घेऊनही आकडा हलला नाही तर पोटातून शोषलं जात नाहीये का, टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का, वजन खूप आहे का, हे बघतात.

ऊन कोणी घ्यायचं आणि कोणी अजिबात नाही

सकाळचं कोवळं ऊन हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय ना, पण सात वाजताच्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतं, त्याने प्रसन्न वाटतं, डी फारसं होत नाही. डी होतं ते साधारण ११ ते २ च्या उन्हात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी हवी. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा २०-३० मिनिटं, सावळ्या कातडीला जरा जास्त लागतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. मी गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्ताने जाते, डोक्यावर ओढणी आणि हात कोपरापर्यंत उघडे. पावसाळ्यात हे सगळं बंद पडतं, त्यामुळे तेव्हा गोळी चुकवायची नाही.

पण ल्युपस असेल तर हे काहीही करायचं नाही. यूव्ही किरणांनी ल्युपस भडकतो, नुसती कातडी नाही, किडनी-सांधे सगळंच. नणंदेला एका शेजारणीने प्रेमाने सांगितलं की डी कमी आहे ना, मग दुपारी गच्चीत बस, आणि ती चार दिवस बसली. पाचव्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लालभडक, ताप, गुडघे सुजलेले, आणि स्टेरॉइड परत वाढवावं लागलं. तिच्यासाठी डी म्हणजे फक्त गोळी. बाहेर पडताना एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, छत्री. डर्मॅटोमायोसायटिसवाल्यांनाही (कातडी आणि स्नायूंना सूज येण्याचा आजार) हाच नियम. मेथोट्रेक्सेट आणि आणखी काही औषधांनी पण कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा आरए असला तरी आधी विचारून घ्या. एकाच घरात एकीला ऊन औषध आणि दुसरीला विष, हे आमच्या सासूबाईंना पटायला दोन वर्षं गेली.

परदेशात असलेल्यांसाठी वेगळं. माझी भाची इंग्लंडला आहे, तिथे ऑक्टोबर ते मार्च दुपारच्या उन्हातही डी होत नाही, सूर्य इतका खाली असतो, म्हणून तिथली आरोग्यसेवा सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज ४०० युनिट, म्हणजे १० मायक्रोग्रॅम घ्यायचा सल्ला देते आणि सावळ्या लोकांना वर्षभर.

स्टेरॉइड चालू असेल तर हे आधी वाचा

डीचं आपल्या आजारातलं खरं, पक्कं काम इथे आहे. प्रेडनिसोलोन, म्हणजे आपल्याला देतात ते स्टेरॉइड, असलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं आणि नवीन हाड बांधणाऱ्या पेशी थंडावतात. हाडांचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होतं, म्हणजे आपल्याला अरे वा, सूज उतरली, म्हणून बरं वाटत असतं नेमकं तेव्हा. शिवाय संधिवाताची सूज स्वतःच हाड खात असते. अमेरिकेतल्या रुमॅटॉलॉजी कॉलेजचा सल्ला असा आहे की रोज अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड तीन महिने किंवा अधिक घेणाऱ्या मोठ्या माणसाने अन्न आणि गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट डी घ्यावं, म्हणजे आकडा पुरेसा राहील. अडीच मिलिग्रॅम म्हणजे किती कमी ते बघा, आपल्यात कित्येक जणी पाच मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं असतात आणि हाडांबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

तेव्हा डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा, माझा स्टेरॉइड किती दिवस चालणार, माझा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायचा, स्कॅन कधी करायचा, आणि नुसतं डी-कॅल्शियम पुरेल की हाडांचं वेगळं औषध लागेल. डेक्सामध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ झालीत म्हणायची, आणि तिथे एकट्या डीने भागत नाही. डेक्सा करायची लाज किंवा भीती काही नाही, पाच-दहा मिनिटं झोपून राहायचं, टोचणं नाही.

कॅल्शियम जमेल तेवढं ताटातून. २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम, नाचणीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १८० च्या आसपास, वर दही, तिळाची चटणी, राजगिऱ्याचा लाडू. उरलेलं गोळीतून, आणि कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी घेत असाल, आपल्यात खूप जणी घेतात, तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. डी मात्र ताटातून पुरत नाही, अंड्याचा बलक, बांगडा, तारली यांत थोडं, आणि प्लस एफ अशी निळी खूण असलेल्या दुधा-तेलात मुद्दाम घातलेलं थोडं. शाकाहारी घरात गोळीला पर्याय नाही असंच मी धरून चालते.

जास्त झालं तर

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी आठवड्याची पुडी रोज घेतली, वीस दिवस. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं, दुकानातून वीसेक पुड्या एकदम मिळाल्या. म्हणजे १२ लाख युनिट. आधी भूक गेली, मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी, शेवटी बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, दवाखान्यात नेलं तर कॅल्शियम १३ च्या पुढे आणि क्रिएटिनिन वाढलेलं. सलाइनवर ठेवलं, वाचल्या, पण डी चरबीत साठून राहतं त्यामुळे महिनोन्‌महिने कॅल्शियम तपासत राहावं लागलं. हीच लक्षणं दिसली तर पुडी बंद करून त्याच दिवशी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा, सोमवारपर्यंत थांबू नका.

जास्त दिलं तर जास्त फायदा असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर चाचणी झाली, वर्षातून एकदा पाच लाख युनिट, २०१० मध्ये निकाल आला तो असा की डी घेतलेल्याच बायका जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली. त्यामुळे सहा लाखाचं इंजेक्शन एकदाच घेऊन टाका म्हणजे कटकट नको असं कुणी सुचवलं तर मी तरी नाही म्हणेन.

संधिवाताला डीचा प्रचंड डोस ही कल्पनाही नवी नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत संधिवाताला रोज दोन-दोन लाख युनिट देत होते, किती लोकांची कॅल्शियमने किडनी बिघडली आणि ते मागे पडलं. आता तेच इंटरनेटवर कॉइम्ब्रा प्रोटोकॉल या नावाने फिरतंय, रोज हजारो-हजारो युनिट, दूध-दही बंद, भरपूर पाणी, आणि बरे झाल्याचे व्हिडिओ. व्हिडिओतल्या माणसांचं दुखणं खरं आहे, आशाही खरी आहे, पण ही पद्धत मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेली नाही. आणि त्यासाठी कुणी मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसचं नेहमीचं औषध) बंद करत असेल तर कृपा करून थांबवा त्यांना. नणंदेची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठ वर्षं एक दिवस चुकलेली नाही, डी तिच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

पुढच्या व्हिजिटला जाताना एका फाइलमध्ये डीचे जुने सगळे आकडे तारखेसकट, आत्तापर्यंत किती पुड्या झाल्या, स्टेरॉइड कधी सुरू झालं आणि सध्या किती आहे, आणि घरातल्या सगळ्या डब्यांचे फोटो न्या. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, दुधात घालायची पावडर, या सगळ्यांत डी असतं आणि त्यांची बेरीज कुणीच केलेली नसते. माझी बेरीज मागच्या वेळी केली तर पुडीशिवायच रोज १४०० युनिट पोटात जात होती, डॉक्टरांनी महिन्याची पुडी तिथेच बंद केली.